मिडसमर या स्वीडनच्या उन्हाळी सणाच्या वीकेंडला स्टॉकहोमला गेलो तर सगळं बंद असेल का?

सगळं नाही, पण शहर बऱ्यापैकी ओस पडलेलं असतं, म्हणून शॉपिंग आणि छोटी रेस्टॉरंट्स डोक्यात असतील तर तो वीकेंड टाळा. कारण असं की मिडसमर ईव्ह, म्हणजे सणाचा आदला दिवस, १९५३ पासून कायम १९ ते २५ जूनमधल्या शुक्रवारी येते, कागदोपत्री सार्वजनिक सुट्टी फक्त शनिवारची, तरी शुक्रवारी काम कोण करतंय, लोक सरळ गावाकडच्या घरी नाहीतर बेटांवर पळतात. तिथे पानाफुलांनी सजवलेल्या खांबाभोवती बेडकासारख्या उड्या मारत नाचायचं (हो, मोठी माणसंपण!), मग हेरिंग माशाचं लोणचं, शेपू घालून उकडलेले नवे बटाटे, स्ट्रॉबेरी आणि श्नॅप्स. श्नॅप्स हवी असेल तर गुरुवारीच घेऊन ठेवा, स्ट्राँग दारूची दुकानं म्हणजे सरकारी सिस्टेमबोलागेट आणि ती या सणाला शुक्रवार ते रविवार बंद. फक्त एक आहे, सणच बघायचा असेल तर उलट याच वेळी या, स्टॉकहोममधल्याच स्कान्सेन या ओपन-एअर म्युझियममध्ये खांब उभारतात, नाच असतो, तिकीट काढून कोणीही जाऊ शकतं. गर्दी मात्र भरपूर.