ते कार्ड रद्दीत टाकू नका

प्रश्न : वकीलताई, माझा मुलगा अमेरिकेत मिशिगनला असतो. ‘अमुक कंपनीविरुद्धच्या दाव्यात तुम्हीही येता, पैसे मिळू शकतील’ अशी कार्डं त्याला अधूनमधून येतात. फसवणूक समजून तो फेकून देतो. असे पैसे खरंच मिळतात का? आपल्याकडे बिल्डरकडून, पालिकेकडून असे वसूल करता येतात का?
— एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : सर, मुलाला आधी सांगा, कार्ड फेकायचं नाही. त्यावर कोर्टाचं नाव आणि खटल्याचा क्रमांक असतो, तो ताडून बघायचा. पैसे देण्याआधी कुणी फी मागितली, तर मात्र ती फसवणूकच.

तिथल्या क्लास अ‍ॅक्शनमध्ये मोजकी माणसं सगळ्यांच्या वतीने दावा लावतात. ‘मला यातून वगळा’ असं मुदतीत कळवलं नाही, तर तडजोड तुमच्या मुलालाही लागू होते. फॉर्म भरला नाही की बहुतेक वेळा पैसे जातात, आणि त्याच कारणासाठी स्वतंत्र दावा लावायचा हक्कही जातो.

रक्कम मात्र मोठी धरू नका. लोकांच्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद ठेवणाऱ्या इक्विफॅक्स या कंपनीकडून 2017मध्ये सुमारे 14.7 कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. 2019च्या तडजोडीत 125 डॉलर रोख घेण्याचा पर्याय होता, पण त्यासाठी ठेवले होते एकूण 3 कोटी 10 लाख डॉलर. अर्जांचा ढीग पडला आणि वाट्याला फारच थोडं आलं.

सरकारकडून वसुलीचं उदाहरण मिशिगनमध्येच आहे, फ्लिंट शहराचं. एप्रिल 2014मध्ये खर्च वाचवायला तिथे नदीचं पाणी सुरू केलं, आणि पाइप गंजू नयेत म्हणून घालायचं रसायन घातलंच नाही. जुन्या पाइपांतलं शिसं नळाला आलं. नोव्हेंबर 2021मध्ये कोर्टाने सुमारे 62.6 कोटी डॉलरची तडजोड मंजूर केली. त्यात 60 कोटी राज्य सरकारचे, 2 कोटी शहराचे, उरलेले एका रुग्णालयाचे आणि एका इंजिनीअरिंग कंपनीचे. जवळजवळ 80 टक्के रक्कम तेव्हा लहान असलेल्या मुलांसाठी राखली. ते योग्यच झालं, कारण शिसं वाढत्या मेंदूवर घाला घालतं. पण पैसे हातात पडायला पुढे वर्षं गेली, आणि आई-बापांना एवढं थांबायला लावणं मला क्रूर वाटतं.

तिथे हे दावे उभे राहतात, कारण वकिलाची फी वसुलीतूनच निघते. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर टक्केवारी घेता येत नाही. त्यामुळे आधी वर्गणी काढावी लागते, आणि तिथेच निम्मे लोक गळतात.

तरी बिल्डरविरुद्ध वाट आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019च्या कलम 35(1)(क)खाली, ग्राहक आयोगाच्या परवानगीने, एकाला सगळ्यांच्या वतीने तक्रार करता येते. मात्र सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच आहे, हे तक्रारीतच दाखवावं लागतं. बेंगळुरूच्या एका प्रकल्पात 1134 फ्लॅट होते आणि तक्रार 91 जणांची. बाकीच्यांचंही दुखणं तेच, हे कागदावर नीट आलं नाही, म्हणून 2021मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फक्त त्या 91 जणांची संयुक्त तक्रार मानली. तेव्हा प्रत्येकाच्या करारातली ताब्याची तारीख, भरलेली रक्कम आणि झालेला उशीर यांचा तक्ता पहिल्याच दिवशी जोडा.

पालिकेचं वेगळं. घरपट्टी हा कर आहे, सेवेचा मोबदला नाही, त्यामुळे त्यासाठी ग्राहक आयोग उपयोगाचा नाही. तिथे उच्च न्यायालयातली जनहित याचिका कामी येते. खड्ड्यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025मध्ये मृत्यूसाठी 6 लाख आणि जखमींसाठी 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, तर पोलिसांतली नोंद, दवाखान्याचे कागद आणि खड्डा बुजवण्याआधीचा फोटो जपून ठेवायला सांगा.