ठोकळे रचण्याचं व्यसन लागलंय का?

"मॅडम, दिवसभर मी लोकांचे हिशेब तपासते आणि रात्री साडेबाराला फोनवरच्या गेममध्ये ठोकळ्यावर ठोकळा ठेवत बसते. व्यसन लागलं का हो मला?" असं विचारणाऱ्या या बाई पंचेचाळिशीच्या. ओळख अर्थातच बदलली आहे. हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो, आणि विचारणारे बहुतेक कामसू, शहाणेसुरते लोक असतात.

म्हटलं, "खेळून दाखवा बरं." ठोकळा इकडून तिकडे सरकतो, बोट टेकवलं की खालच्या थरावर बसतो. बाहेर राहिलेला भाग कापला जातो, पुढचा ठोकळा तेवढाच अरुंद येतो. ओळीने काही अचूक बसले की तो परत थोडा रुंद होतो. बाई श्वास रोखून खेळत होत्या. "अर्र, जरासाच हुकला!" म्हणेपर्यंत त्यांनी नवा डाव सुरूही केला होता. थोडक्यात हुकलेला डाव हरल्यासारखा वाटतच नाही, आता जमेल असं वाटतं. खरी मेख तिथे आहे.

मग घरचं विचारलं. सासूबाईंचं लांबलेलं आजारपण, रात्रीचं जागरण, आणि काहीही केलं तरी कुणाच्या तरी लेखी कमीच. खेळात चूक लगेच दिसते, जेवढी चूक तेवढंच कापलं जातं, वर कुणी बोलत नाही. इतका चोख न्याय दिवसभरात दुसरीकडे कुठे मिळतो? ऊठसूट 'डोपामाइन' (मेंदूतलं सुखाशी जोडलं जाणारं रसायन) म्हणून मोकळं होणं मला पटत नाही ते यासाठीच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे. पण त्यात खेळावरचा ताबा सुटणं, इतर सगळ्याआधी खेळ आणि नुकसान दिसूनही चालूच ठेवणं, हे साधारण १२ महिने दिसावं लागतं. काम, नाती, तब्येत यांवर ठळक परिणामही व्हावा लागतो. बाईंचं तसं काही नव्हतं. झोप मात्र बिघडली होती.

गेम काढून टाकायला मी सांगितलं नाही. फोन अंथरुणात न्यायचा नाही, खेळायचं ते खुर्चीत बसून, एवढंच ठरलं. 'विक्रम झाला की थांबू' हा बेतही सोडायला लावला, कारण विक्रम काही ठरवून होत नाही. त्यापेक्षा जास्त वेळ गेला तो दिरांशी सासूबाईंजवळच्या रात्रीच्या पाळ्यांबद्दल कसं बोलायचं यावर. आता आठवड्यातल्या दोन रात्री ते थांबतात. बाई अजून खेळतात, पण संध्याकाळी.