खाडीलगतच्या जागेचा अचूक नकाशा: ड्रोनचे फोटो पुरतील की लिडार हवा?

जागा भांडुपकडे खाडीला लागून, निम्म्यात कांदळवन, आणि पाणी कुठे तुंबेल हे कळायला जमिनीच्या पातळ्या हव्यात, असं तुम्ही विचारलंय. मग लिडार, म्हणजे ड्रोनवरून लेझर सोडून अंतर मोजणारं यंत्र, घ्याच. फोटोंवरून केलेल्या मॉडेलमध्ये वरून दिसतं तेवढंच येतं, आणि कांदळवनात वरून दिसतात ते झाडांचे शेंडे. लेझरचे किरण पानांच्या फटींतून खाली शिरतात, त्यामुळे एकाच पल्समधून (लेझरच्या एका झोतातून) शेंडा, फांदी आणि जमीन असे वेगळे रिटर्न, म्हणजे परत आलेले किरण, मिळू शकतात.

भरतीत मात्र हा खर्च पाण्यात जाईल. ड्रोनवर बहुधा 905 नॅनोमीटरची इन्फ्रारेड लेझर असते आणि ती पाण्यात शोषली जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मुंबईत पूर्ण ओहोटी साधारण सकाळी सहा-सातच्या सुमारास असते, लिडार तेव्हाच उडवा. त्याला उजेड लागत नाही. कोरड्या भागाचे फोटो दुपारी काढा, सावल्या आखूड असतात. 60 मीटर उंची, पुढे 80 आणि बाजूला 70 टक्के ओव्हरलॅप (शेजारच्या फोटोंत सारखा येणारा भाग) ठेवा. एक इंची सेन्सरच्या 20 मेगापिक्सेल कॅमेऱ्याला तिथून जमिनीवरच्या सुमारे 1.6 सेंमीचा एक पिक्सेल मिळतो. उड्डाणाआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-पोर्टलच्या नकाशावर जागा कुठल्या झोनमध्ये येते ते बघा आणि कांदळवनासाठी वनखात्याला विचारा.

खरा घोळ उंचीत होतो. जीपीएस देतं ती उंची इलिप्सॉइडवरची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती गुळगुळीत आकारापासूनची. मुंबईत समुद्रसपाटी त्याच्या 60 मीटरहून जास्त खाली आहे, म्हणून किनाऱ्यावर आकडे उणे दिसतात. जिऑइडची (सरासरी समुद्रसपाटीच्या पृष्ठाची) दुरुस्ती कुठली लावली, हे अहवालात लिहून घ्या. पालिकेच्या पर्जन्यजलवाहिन्यांच्या पातळ्या टाऊन हॉल डेटमवर, म्हणजे मुंबईत उंची मोजायच्या स्थानिक आधारपातळीवर, असतात. त्यांच्याशी नकाशा जुळवायचा असेल तर ज्या खुणेची पातळी त्या डेटममध्ये माहीत आहे, ती स्वतः मोजून फरक काढा.

दुसरी चूक पट्ट्यांची, म्हणजे ड्रोनच्या एकेका फेरीत मोजलेल्या जमिनीच्या पट्ट्यांची. सेन्सर आणि आयएमयू (ड्रोनचा कल मोजणारं यंत्र) यांच्यातला कोन 0.1 अंशाने चुकला तरी 60 मीटरवरून जमिनीवर 10 सेंमीचा फरक पडतो. हे ओळखायला पत्र्याच्या एखाद्या शेडचा आडवा छेद घ्या: शेजारच्या दोन पट्ट्यांत छप्पर दुहेरी दिसलं तर डेटा परत पाठवा. काटकोनात एक-दोन आडवे पट्टेही उडवायला सांगा, जुळवणी त्यांच्यावरच टिकते.

चिखलात पातळी घेताना मोजणीच्या काठीचं टोक रुतून आकडा खाली येतो, आणि दोष उगाच लिडारला दिला जातो. काठीखाली सपाट प्लेट ठेवा. असे 15-20 चेक पॉइंट (नकाशा पडताळायचे बिंदू) कांदळवनाच्या कडेला आणि आत, वेगळ्या माणसाकडून मोजून घ्या, आणि अंतिम डेटा हातात येईपर्यंत सर्वेक्षणवाल्याला त्यांचे आकडे देऊ नका.