भर उन्हात लाईट गेली की गच्चीवरचं सोलर का बंद पडतं? आणि हे ग्रिड म्हणजे नेमकं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पुण्यात सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवून वर्ष झालं, बिल कमी आलं, सगळे खूश. परवा दुपारी एक वाजता, कडकडीत उन्हात लाईट गेली आणि सोलरही बंद. सेक्रेटरी म्हणाले, "ग्रिड नाही म्हणून सोलर नाही." मग हे ग्रिड म्हणजे काय, ते नसलं तर माझ्याच गच्चीवरची वीज मला का मिळू नये, आणि पुण्याची वीज मुळात येते कुठून?

सेक्रेटरी बरोबर बोलले. (सोसायटीच्या सेक्रेटरीबद्दल हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहितोय.)

माझी नोकरी उच्चदाबाच्या उपकेंद्रांत गेली. रात्रपाळ्या, दर तासाला लॉगशीटवर आकडे उतरवणं आणि फोन वाजला की दचकणं. तेव्हा जमेल तसं सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. आपल्याला विजेचं चित्र पाण्यासारखं दिसतं : धरणात साठा, तिथून पाइप, गच्चीवर टाकी, मग नळ. पाण्याच्या बाबतीत हे ठीक आहे. खडकवासल्याचा पंप दोन तास बंद पडला तरी टाकीवर निभतं. विजेला ही टाकीच नाही. म्हणजे बॅटऱ्या आहेत, रात्री पाणी वर चढवून दिवसा खाली सोडणारे प्रकल्प आहेत, पण देशाच्या भुकेपुढे ते चमचाभर. तुम्ही आत्ता मिक्सर लावला, तर त्याला लागणारी वीज आत्ताच, याच क्षणी, कुठेतरी तयार व्हावी लागते. मघाशी केलेली चालत नाही. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी २,५०,००० मेगावॅटवर गेली होती. तेवढी वीज त्या क्षणी कुठे ना कुठे बनत होती, आणि पुढच्या मिनिटाला मागणी थोडी हलली तेव्हा बनवणंही तेवढंच हललं.

हे जमतं कसं? आमच्या नवीन पोरांना मी घाटातली गाडी सांगायचो. मुंबईहून पुण्याला येताना कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं जोडतात. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात. सगळी एकाच गाडीला जखडलेली, त्यामुळे वेग सगळ्यांचा एकच. आता कल्पना करा, अशा एका गाडीला शेकडो इंजिनं जोडली आहेत आणि डब्यांत प्रवासी सतत चढत-उतरत आहेत. वजन वाढलं की गाडी किंचित मंदावते. लगेच काही इंजिनं जोर वाढवतात आणि वेग पुन्हा जागेवर येतो. वजन कमी झालं की उलट. ग्रिड म्हणजे ही गाडी. इंजिनं म्हणजे वीज केंद्रांतली जनित्रं, प्रवासी म्हणजे तुम्ही-आम्ही, आणि वेग म्हणजे फ्रिक्वेन्सी.

आपल्याकडे हा वेग ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं, ठरलेला आहे. औष्णिक केंद्रातलं वाफेवरचं जनित्र मिनिटाला ३००० फेरे घेतं, त्यातून हे ५० येतात. कोयनेचं यंत्र बरंच हळू फिरतं, पण त्यात चुंबकाचे ध्रुव जास्त असल्याने हिशोब तोच लागतो. त्यामुळे चंद्रपूरचं जनित्र, गुजरातमधलं जनित्र आणि अरुणाचलातलं जनित्र या घडीला एका तालात फिरतायत. ही गोष्ट मला तीस वर्षांनंतरही जराशी अद्भुतच वाटते. ५० च्या खाली आकडा म्हणजे देशात विजेची ओढ, वर म्हणजे जास्तीची. नियमाने ४९.९० ते ५०.०५ च्या आत राहायचं. मी नोकरीला लागलो तेव्हा संध्याकाळी ४८.५ च्या आसपासचा आकडा लिहिताना कुणाचा हात थरथरत नसे. २००२ च्या जुलैत पश्चिम विभागात नवी दरपद्धत आली : फ्रिक्वेन्सी पडलेली असताना ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली तर महागात पडणार. सगळी राज्यं बघता बघता शहाणी झाली. खिशाला चाट बसल्याशिवाय शिस्त येत नाही, हे पुणेकराला वेगळं सांगायला नको.

आता "राष्ट्रीय" कशाला, ते बघू. पूर्वी देशात पाच वेगवेगळ्या गाड्या होत्या : उत्तर, पश्चिम, दक्षिण, पूर्व आणि ईशान्य. १९९१ मध्ये पूर्व आणि ईशान्य जोडले गेले, २००३ मध्ये पश्चिम आणि २००६ मध्ये उत्तर. दक्षिण सगळ्यात शेवटी, ३१ डिसेंबर २०१३ ला, आणि तीही आपल्या सोलापुरातून : रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) लाईन चालू झाली आणि देश एका तालात आला. फायदा साधा आहे. अरुणाचलात सूर्य गुजरातपेक्षा जवळपास दोन तास आधी मावळतो, म्हणजे दिवे लागण्याची वेळ सगळीकडे एक नाही. छत्तीसगडला कोळसा आहे, राजस्थानला ऊन, तमिळनाडूला वारा, हिमालयाला पाणी. एकाचं जास्तीचं दुसऱ्याच्या कमीला लागतं.

पुण्याची वीज कुठून येते, याला मात्र "अमुक ठिकाणाहून" असं उत्तर नाही. आपल्या भोवती धरणं आहेत म्हणून लोकांना वाटतं, ती वीज आपलीच. गंमत अशी की घाटमाथ्याचं पाणी विजेसाठी उलटं, कोकणात उतरवलेलं आहे. लोणावळ्याच्या पावसावर खोपोलीचं केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं ते मुंबईच्या गिरण्यांसाठी. मुळशीचं पाणी खाली भिऱ्याला जातं, आणि त्या धरणात जमिनी जाणार म्हणून सेनापती बापटांनी मावळ्यांना घेऊन १९२१ मध्ये सत्याग्रह केला. कोयनेचं पाणीही सह्याद्रीच्या पोटातून पोफळीकडे, म्हणजे चिपळूणच्या बाजूला जातं. पण वीज तारेत शिरली की ती कुणाची हे सांगता येत नाही. शंभर इंजिनांनी ढकललेल्या गाडीत तुमची सीट कुठल्या इंजिनाने ढकलली, असं विचारण्यासारखं आहे ते. हिशोब मात्र कागदावर चोख असतो. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडतात, आणि कोण किती बनवणार, कोण किती घेणार हे आदल्या दिवशीच ठरतं. आपल्या राज्याचा हा गाडा हाकणारं भार प्रेषण केंद्र ऐरोलीला आहे. आम्ही त्याला नुसतं "एलडी कळवा" म्हणायचो, एलडी म्हणजे लोड डिस्पॅच. त्याच्या वर पश्चिम विभागाचं केंद्र मुंबईत, आणि सगळ्यात वर दिल्ली. एलडीने सांगितल्याशिवाय आम्ही ४०० केव्हीचा ब्रेकर, म्हणजे लाईन जोडणारा-तोडणारा मोठा स्विच, हलवत नसू, मग समोर कुणीही साहेब उभा असो.

वाटेतले टप्पे भराभर सांगतो. चंद्रपूरहून पुणे सातशे किलोमीटरच्या आसपास. एवढ्या लांब २३० व्होल्टवर वीज पाठवली तर सगळी तारेतच उष्णता होऊन संपेल. दाब दुप्पट केला की तेवढ्याच विजेला करंट निम्मा लागतो आणि तारेतली उष्णता चौथा हिस्सा होते. म्हणून केंद्रातून निघतानाच दाब चार लाख व्होल्टवर चढवतात. मग लोणीकंद, चाकण अशा मोठ्या उपकेंद्रांत तो २२० केव्हीवर येतो, पुढे १३२, मग २२ किंवा ११, आणि शेवटी तुमच्या गल्लीतली डीपी, म्हणजे दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर, जिच्या कुंपणाला टेकून लोक दुचाकी लावतात. तिथून २३० व्होल्ट घरात.

आता मुख्य गोष्ट : तोल बिघडला की काय होतं. मोठं केंद्र अचानक बंद पडलं, तर पहिले काही सेकंद ती शेकडो टनांची फिरती यंत्रं आपल्या वेगाच्या जोरावरच गाडी ओढतात. तेवढ्यात इतर केंद्रांचे गव्हर्नर, म्हणजे यंत्राचा वेग राखणारी उपकरणं, आपोआप वाफ किंवा पाणी वाढवतात. तरीही फ्रिक्वेन्सी घसरत राहिली, तर ४९.४ पासून पुढे टप्प्याटप्प्याने रिले (आकड्यावर नजर ठेवणारी उपकरणं) काही फीडर, म्हणजे एकेका भागाला वीज नेणाऱ्या लाईनी, स्वतःहून तोडतात. माणसाला विचारत बसत नाहीत. काही भाग अंधारात टाकून बाकीचा वाचवायचा, असा तो व्यवहार आहे. एखादेवेळी तुमच्या भागाची लाईट काही कारण नसताना गेली आणि पाच-दहा मिनिटांत आली, तर तुम्ही वायरमनला शिव्या घालता. कधीतरी तुमचा फीडर असा देशासाठी बळी गेलेला असू शकतो. अर्थात बहुतेक वेळा तारेवर फांदीच पडलेली असते, हेही खरं.

तोल न सांभाळला गेल्याचं मोठं उदाहरण म्हणजे जुलै २०१२. ३० तारखेच्या पहाटे अडीचच्या सुमारास बीना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाईन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप तुटली, भार दुसऱ्या वाटांवर गेला, त्याही एकेक करून सुटल्या, आणि सगळी उत्तर ग्रिड झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला पुन्हा तेच, या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य तिन्ही. सुमारे साठ कोटी लोकांची लाईट गेली. आपला पश्चिम विभाग वाचला. मी त्या दुपारी ड्युटीवर होतो. आपल्याकडची उत्तरेला जाणारी वीज एकदम अडकल्यामुळे फ्रिक्वेन्सी खाली नाही, तर झपकन वर गेली होती. कमी वजनाची गाडी बेफाम सुटावी तशी. ते सावरेपर्यंत कंट्रोल रूममध्ये कुणी चहाला हात लावला नाही. पुण्यात पंखे फिरतच होते, आणि घरी आल्यावर बायकोला यातलं काही सांगितलं तर ती म्हणाली, "टीव्हीवर दाखवतायत, ते दिल्लीचं आहे ना?"

उलटी कसोटी ५ एप्रिल २०२० ची. रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे बंद करा, असं आवाहन होतं. बारा-तेरा हजार मेगावॅट मागणी उतरेल असा अंदाज होता. उतरली एकतीस हजारांहून जास्त, आणि नऊ मिनिटांनी ती परत चढायची होती. कोळशाचं केंद्र इतक्या झटपट खाली-वर होत नाही. वाघासारखं धावून आलं ते जलविद्युत : नऊच्या आधी पाण्यावरची यंत्रं मुद्दाम चालू ठेवली, नऊला पाणी आवळलं, नंतर पुन्हा सोडलं. कोयनेसारखी केंद्रं काही मिनिटांत हे करतात. आपल्या राज्याकडे ती आहे, ही चैन आहे.

पुण्याचं म्हणून आणखी एक. भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांना रविवारऐवजी गुरुवारी सुट्टी का, असं कधी मनात आलंय? वेगवेगळ्या औद्योगिक भागांना वेगवेगळे वार वाटून दिले की सगळ्यांचा भार एकाच दिवशी येत नाही. म्हणजे तोलाचा हिशोब थेट लोकांच्या आठवड्यात शिरला. आणि २००६ मध्ये भारनियमनाने राज्य हैराण होतं, तेव्हा पुण्यात एक प्रयोग झाला : टंचाईच्या वेळी कारखान्यांनी आपापले डिझेल जनरेटर चालवायचे, त्यांची वाचलेली वीज शहराला द्यायची आणि डिझेलचा वाढीव खर्च पुणेकरांनी बिलातून भरायचा. कुरकुर करत भरला, पण लाईट राहिली.

आता तुमची गच्ची. तुमचा सोलर इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या विजेसारखी करणारा डबा) स्वतः ताल धरत नाही, तो ग्रिडचा ताल ऐकून त्यात आपली वीज मिसळतो. बँकर इंजिनच समजा, पण ढकलायला समोर गाडीच नाही. शिवाय एक ढग आला की पॅनेलची वीज निम्मी, आणि त्याच वेळी कुणी लिफ्टचं बटण दाबलं तर तोल सांभाळणार कोण? म्हणून ग्रिड गेली की इन्व्हर्टर क्षणात स्वतःला बंद करतो.

दुसरं कारण माझ्या दृष्टीने मोठं. लाईन बंद करून, कामाचं परमिट (लेखी परवानगी) घेऊन लाईनमन खांबावर चढलेला असतो. तुमची गच्ची खालून वीज ढकलत राहिली, तर ती डीपीतून उलटी जाऊन त्याच तारेत अकरा हजार व्होल्ट होऊन उभी राहील. अशी मागून आलेली वीज लागून भाजलेला आमचा एक माणूस मी दवाखान्यात बघितलाय. ती एका बंगल्याच्या जनरेटरची होती. तेव्हा तुमचं सोलर बंद पडलं, ते बिघडलं म्हणून नव्हे. ते नीट चाललं.

लाईट गेल्यावरही थोडी वीज हवीच असेल, तर बसवणाऱ्याला विचारा की बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लावता येईल का. तो स्वतः ताल धरतो आणि आधी बाहेरच्या लाईनपासून तुम्हाला तोडतो. त्यावर जिन्यातले दिवे, वाय-फाय, फार तर पंप ठेवा. लिफ्टला बॅटरी घालायच्या भानगडीत पडू नका, खर्च झेपणार नाही. आणि सोसायटीत जनरेटर असेल, तर त्याचा चेंजओव्हर स्विच (लाईन किंवा जनरेटर यांतलं एकच जोडणारा) एकदा लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. दोन्ही बाजू एकाच वेळी लागू शकत असतील, तर तो या आठवड्यात बदला. सोलरचं नंतर बघा.