आईला वर्षभर ट्रास्टुझुमॅब द्यायचे आहे. पुण्यात त्याचा खर्च कसा समजून घ्यावा आणि आटोक्यात ठेवावा?

आपल्या आईंना स्तनाच्या कर्करोगासाठी दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून हे औषध द्यायचे आहे आणि रुग्णालयाने सांगितलेल्या ठोक रकमेतून काहीच उमगत नाही, असे आपण लिहिले आहे. माझ्या पत्नीने पुण्यातच हे उपचार घेतले. मी डॉक्टर नाही, पण वर्षभराची सगळी बिले मी फाईलला लावून ठेवली आहेत, त्यावरून सांगतो.

आधी त्या रकमेची फोड लेखी मागावी: औषध, डे-केअरचा बेड, डॉक्टरांची फी, किरकोळ साहित्य आणि अधूनमधून करावा लागणारा टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी). यांत सर्वांत मोठा आकडा औषधाचा असतो.

औषधाचा डोस वजनावर ठरतो. पहिल्या वेळी किलोमागे 8 मिलिग्रॅम आणि नंतर 6. पत्नीचे वजन 58 किलो होते, म्हणजे पहिला डोस 464 मिलिग्रॅम आणि पुढचे 348. मोठी व्हायल (औषधाची कुपी) 440 मिलिग्रॅमची येते. त्यामुळे केवळ 24 मिलिग्रॅमसाठी दुसरी व्हायल फोडली गेली, बिलात दोन्ही लागल्या आणि उरलेल्या 416 मिलिग्रॅमचे काय झाले, हे विचारायचे मला सुचलेच नाही. ही व्हायल सोबतच्या जंतुरोधक पाण्यात मिसळली, तर 2 ते 8 अंश तापमानात 28 दिवस टिकते, हे मला फार उशिरा कळले. 21 दिवसांनंतरचा डोस त्या उरलेल्या औषधातच भागला असता. साध्या पाण्यात मिसळल्यास मात्र उरलेले टाकूनच द्यावे लागते. म्हणून उरलेले औषध आईंच्या नावाची चिठ्ठी लावून फ्रिजमध्ये ठेवणार का, किंवा डोस जवळच्या व्हायलइतका करता येईल का, हे पहिल्या डोसाआधीच विचारावे. पाच-दहा टक्क्यांचा असा फरक अनेक कर्करोगतज्ज्ञांना चालतो, पण निर्णय त्यांचाच.

ट्रास्टुझुमॅब राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत असल्याने त्याची कमाल किंमत सरकार ठरवते. 2014 पासून भारतीय कंपन्यांची बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती जैविक औषधेही बाजारात असल्यामुळे प्रत्यक्ष भाव छापील किमतीहून बराच खाली येऊ शकतो. आम्हाला तो फरक सदाशिव पेठेतल्या घाऊक विक्रेत्याकडे दिसला. मात्र बाहेरून आणलेले औषध चालेल, असे रुग्णालयाकडून आधी लिहून घ्यावे, पक्क्या बिलावर बॅच क्रमांक पाहावा आणि व्हायल थंड डब्यातून न्यावी. बर्फाला चिकटून ती गोठली, तर औषध वाया जाते.

रेशनकार्ड असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी उपचार सुरू होण्यापूर्वीच करावी. तिची मर्यादा कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपये आहे, पण ती कॅशलेस असल्याने खिशातून भरलेले पैसे मागाहून मिळतील, असे धरून चालू नये. संलग्न रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांकडून (योजनेचे मदतनीस) आईंचे औषध पॅकेजमध्ये बसते का, ते पाहून घ्यावे. खाजगी विमा असेल, तर पॉलिसीत मोनोक्लोनल अँटिबॉडीच्या (ट्रास्टुझुमॅब याच प्रकारचे औषध आहे) इंजेक्शनला वेगळी उपमर्यादा आहे का, ते वाचावे. आमच्या पॉलिसीत ती होती आणि वर्ष संपण्याआधीच संपली.