प्रायमाव्हेरा हे शेड्यूलचं सॉफ्टवेअर आणूनही साइटवरचे लोक शेड्यूल का पाळत नाहीत? आणखी ट्रेनिंग द्यावं का?

ट्रेनिंगनं काही होत नाही. क्रिटिकल पाथ, म्हणजे कोणतं काम लांबलं की सगळा प्रकल्प लांबतो ते काढणं, ही काय आजची विद्या नाही, १९५७-५८ सालापासूनची आहे. साइटवाल्यांना ती कळते, आणि कळते म्हणूनच नको असते.

मी तापीवरच्या एका बॅरेजवर (दारं असलेल्या बंधाऱ्यावर) प्लॅनिंगला होतो. इनचार्जना सगळे आप्पा म्हणत. त्यांचं शेड्यूल खिशातल्या डायरीत. मी भिंतीवर बार चार्ट लावला तेव्हा म्हणाले, "तुना कागद तापीले माहीत शे का?" सगळं ऑफिस हसलं. पुढच्या आठवड्यात त्याच चार्टामागे भरीत पार्टीची वर्गणी लिहिलेली सापडली. वांगी ३० किलो, कळण्याच्या पुऱ्या, अक्षर आप्पांचं.

आता खरी गोष्ट. पिअरमध्ये, म्हणजे नदीतल्या काँक्रीटच्या खांबात, गेटसाठी खाच सोडतात, तिच्यात गेट सरकायचे लोखंडी एम्बेडेड पार्ट ओळंब्यात बसवतात, मग दुसऱ्या टप्प्याचं काँक्रीट. त्या पार्टांची ऑर्डर माझ्या शेड्यूलमध्ये डिसेंबरातच लाल होती, फ्लोट शून्य, म्हणजे एका दिवसाचीही सवड नाही. ड्रॉइंगची मंजुरीच आणलेली नव्हती. आप्पा म्हणाले, आधी पिअर उचला. का? रनिंग बिल, म्हणजे काम चालू असतानाचं बिल, काँक्रीटच्या घनमीटरवर निघतं, ड्रॉइंगच्या मागे फिरायचे पैसे कोण देतो? मार्चएंडचं बिल दणक्यात निघालं, आप्पांना शाबासकी. पार्ट आले मे संपता संपता. दिवसा लोखंडाला हात लागेना, फिटर रात्री हॅलोजन लावून ओळंबा बघायचे. जूनमध्ये पाणी आलं, चार खाचा तशाच राहिल्या. पुन्हा नदीत उतरलो ते दिवाळीनंतर.

मीटिंगमध्ये आप्पांनी सांगितलं, पाऊस लवकर आला. मला हेड ऑफिसातून फोन: बेसलाइन (मूळ ठरलेल्या तारखा) जरा सरकव. मुदतवाढ मागायची होती, आणि माझ्या महिन्या-महिन्याच्या अपडेटमध्ये उशीर कोणाचा ते तारखेसकट दिसत होतं. तुमच्याकडेही लोक सॉफ्टवेअरला नाही, या तारखांना भितात.

करायचंच असेल तर ड्रॉइंगची मंजुरी आणि माल साइटवर पोचणं यालाही बिलात टक्का ठेवा. आणि अपडेट इनचार्जनं स्वतः उभं राहून वाचावा, प्लॅनिंगच्या पोरानं नाही. आमच्याकडे हे केलं असतं तर आप्पा डिसेंबरातच सापडले असते.

हां, माझं शेड्यूल २,१०० ओळींचं होतं, अक्षर मुंगीएवढं. एका खाचेला मी चार दिवस धरले होते. फिटरच्या फोरमनला विचारलं असतं तर त्यानं नऊ सांगितले असते. विचारलं नाही.

परवा अमळनेरला एका लग्नात आप्पा भेटले. मी विषय काढला नाही, त्यांनीच काढला. "त्या वरीसले पानी लवकरच उनं व्हतं ना रे?" साइट रजिस्टरात पहिलं पाणी १७ जूनला लिहिलंय. त्या पानाचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे. जेवणाच्या पंगतीतच काढून दाखवला.