मिसेस रॅम्से की लिली? थांब जरा

व्हर्जिनिया वुल्फची 'टू द लाइटहाउस' ही कादंबरी निबंधासाठी पहिल्यांदाच वाचतेयस ना? मग मिसेस रॅम्से म्हणजे जुनी बाई आणि तिच्याकडे पाहुणी आलेली अविवाहित चित्रकार लिली ब्रिस्को म्हणजे नवी, असे दोन कप्पे आधीच करून ठेवू नकोस. मी तेच केलं होतं, आणि निम्मी कादंबरी हातातून निसटली.

जेवणाचा प्रसंग सावकाश वाच. आठ मुलांची ही आई टेबलाभोवतीच्या तुटक-तुटक माणसांना एकत्र बांधते. मला तर ती तिची कलाकृतीच वाटते. बायकांना चित्रं काढता येत नाहीत, लिहिता येत नाही, असं म्हणणाऱ्या टॅन्स्ली या पाहुण्याशी लिलीला तिथे गोड बोलावं लागतं, तेही मिसेस रॅम्सेच्या मूक विनवणीखातर. (स्वतंत्र बाई म्हणे!) पण त्याच टेबलावर लिली मिठाचं भांडं सरकवून ठेवते : चित्रातलं झाड मध्याकडे न्यायचं, याची खूण. लग्नातून आपण सुटलो ते या झाडामुळे, हे तिला दहा वर्षांनी आठवतं.

मधला भाग छोटा आहे, पण कंसातली वाक्यं सोडू नकोस. मिसेस रॅम्सेचा मृत्यू कंसात उरकलाय, आणि बाळंतपणातून आलेल्या आजाराने गेलेल्या तिच्या मुलीचा, प्रूचाही. पुढे कळतं, की मिसेस रॅम्सेने जुळवलेलं पॉल आणि मिंटा या तरुण पाहुण्यांचं लग्नही फसलं. तरी लिली तिच्यासाठी रडते. का, ते शोध. तुझा निबंध तिथे आहे.

'घरातल्या देवदूता'ला, म्हणजे स्वतःला विसरून सगळ्यांसाठी झिजणाऱ्या आदर्श बाईच्या प्रतिमेला, मारावं लागलं, असं सांगणारं वुल्फचं १९३१चं भाषणही वाच. पण १९२७ची ही कादंबरी आधी.